गुणाबाईचा दारातला व्यायाम

निपाणीच्या गुणाबाईने तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि तेवढीच वर्षं समोर बसून विड्या वळणाऱ्या सासूची, नागुबाईची, पाठ वाकताना पाहिली. म्हातारी आता माणसांना त्यांच्या चपलांवरून ओळखते. स्वतःची पाठ ठणकायला लागली तेव्हा गुणाबाई खरंच घाबरली. आपलंही असंच होणार, या भीतीनेच ती फिजिओथेरपीवाल्या ब्राह्मीकडे गेली.

ब्राह्मी म्हणजे बाजारातल्या जिनेंद्र अण्णांची मुलगी. बोलायला गोड, कामाला खमकी. "आक्का, पुढं वाकून छातीचे स्नायू आखडलेत, अन् पाठीचे ताणून ताणून दमलेत." उपाय सोपा. दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरं खांद्याइतकी वर टेकवायची, एक पाय पुढे घ्यायचा, छाती हळूच पुढे न्यायची. हिसका द्यायचा नाही, श्वास रोखायचा नाही. तीस आकडे मोजायचे.

गुणाबाईने पंचविसाव्या आकड्याला हात खाली घेतले. पंचवीस विड्या झाल्या की बंडल बांधायचं, त्यापुढचा आकडा हातांना ठाऊकच नाही! ब्राह्मी पोट धरून हसली. "बरं, पंचवीसच. पण रोज. अन् दर अर्ध्या तासानं सूप खाली ठेवून उठायचं."

घराला दार एकच. काम संपायला संध्याकाळ व्हायची, आणि गुणाबाई चौकटीत हात पसरून उभी राहिली की नागुबाई कडाडायची, "दिवेलागणीला दार अडवतीस व्हय गं? लक्ष्मी कुठनं येणार?" सुनेने नाक मुरडलेलं तिला दिसायचं नाही, एवढीच काय ती सोय. पण या सासूपुढे कुणाचं चाललंय! चार दिवसांत व्यायाम बंद पडला आणि ठणका परत आला.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी नागुबाईचा फोटो काढायचा होता. "आज्जी, वर बघा," म्हणून फोटोवाला दमला. म्हातारीने जीव खाऊन मान उचलली, तरी फोटोत नुसता भांग. शेवटी गुणाबाईने हनुवटीखाली हात घालून तिचं तोंड वर धरलं. कितीतरी वर्षांनी दोघींची नजरानजर झाली. गुणाबाईला रडूच फुटलं. 

त्या संध्याकाळी म्हातारी दिवा आणि काडेपेटी घेऊन दाराशी बसली.

"उभी ऱ्हा जा दारात. लक्ष्मी थांबंल जराशी."

गुणाबाई उभी राहिली. तिचे हात कधी खाली येतात ते म्हातारीला दिसत नव्हतं. म्हणून न पेटवलेली काडी हातात धरून, जमिनीकडे बघत ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "झालं काय गं? घाई न्हाय. सावकाश कर."