हत्तीच्या पायावरचा डाग

माझ्या थोरल्या जाऊबाई मार खायच्या आणि गोधड्या शिवायच्या. दोन्ही कामं मुकाट्याने. त्यावरूनच माझं डोकं फिरायचं.

गोधड्या जायच्या इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डात, फुकट. कापडाच्या दुकानातून छापील कापडं मिळायची, एका कापडावर एकच मोठं चित्र. ते वर, मधे कापूस, खाली अस्तर. तिन्ही थर टाचण्यांनी धरायचे आणि चित्राच्या रेषेरेषेवरून टाके घालत जायचं. गल्लीतल्या आम्ही चारपाचजणी हे करायचो, पण जाऊबाईंच्या टाक्याची सर कुणाला नव्हती. बोटात सुई घुसून कापडाला रक्त लागलं तर आमची एक रीत होती. दोरा तोंडात घोळवून ओला करायचा आणि डागावर चोळायचा. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते, दुसऱ्याची चालत नाही. खरं असेल, खोटं असेल, आम्ही सगळ्या मानायचो.

दिराला अहोजाहो करायची रीत आहे, मी करणार नाही. हा माणूस दिवसभर गॅरेजात ट्रकचे टायर बसवायचा आणि घरी येऊन बायकोवर हात साफ करायचा. जेवण गार म्हणून, गरम म्हणून, कधी तर उगाचच. एकदा दारात घालून तिचं मनगट चिरडलं, एकदा पुढचा दात पाडला. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज आमच्या खोलीत यायचा, की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेजाऱ्यांना त्यावरूनच कळायचं, आज काय चाललंय. असे आमचे शूरवीर! मी मधे पडले की मलाच दम, भावाभावांत फूट पाडू नकोस म्हणून.

निघून जा, निघून जा, असं सांगून माझा घसा कोरडा पडला. जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं. गोटीला त्याने कधी बोट लावलं नाही, लावेल त्या दिवशी बघ. गोटी त्यांची नऊ वर्षांची मुलगी, लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून गोटी. पोरीवर हात पडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर बाईने सगळा संसार रेटला.

त्या सकाळी त्या सुजलेला ओठ घेऊन स्वयंपाकघरात आल्या. आदल्या संध्याकाळी मी बाजारात असताना त्याने त्यांना झोडपून न्हाणीघरात कोंडलं होतं. मी परतले तोवर घर चिडीचूप झालं होतं. आता त्यांच्या हातात छत्रीवाल्या हत्तीची गोधडी होती, दुपारी वॉर्डात द्यायची होती. शेवटची इस्त्री फिरवायला म्हणून इस्त्री तापत ठेवली, आणि त्यांना हत्तीच्या डोक्यावर छापलेल्या चंद्रावर डाग दिसला. बटणाएवढा, तपकिरी. माझ्याच ओठाचं रक्त असणार म्हणाल्या, आणि दोरा तोंडात घातला.

चोळलं, निघेना. पुन्हा दोरा ओला केला, पुन्हा चोळलं, डाग हू की चू करेना. मी म्हटलं, वाळलाय तो, गार पाण्यात टाका. त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. हळूहळू मान वळवून त्या गोटीकडे बघायला लागल्या. गोटी ओट्याशी पाव खात बसली होती, घरातल्या घरात डोक्याला रुमाल बांधून. मला वाटलं होतं, पोरीचं काहीतरी खूळ.

गोटी उठून आली. आईच्या हातातून दोरा काढून घेतला, तोंडात घोळवला आणि खाली मान घालून डाग चोळू लागली. डाग आधी पिवळा झाला, मग गेला.

मग तिने सांगितलं. आई आत कोंडलेली असताना बाबा गोधडी फाडायला निघाले, ती गोधडीला लोंबकळली, तेव्हा त्यांनी पट्टा काढला. आईला सांगितलंस तर आईला जिवंत ठेवणार नाही, असं म्हणाले. मी रुमाल सोडला. कानामागे बकलाने बोटभर फाटलं होतं, केस रक्ताने चिकटून कडक झाले होते.

तेवढ्यात तो चहा मागत आत आला. सुटलेला रुमाल बघून त्याला काय ते कळलं. बोललीस का, असं म्हणून त्याने गोटीवर हात उगारला.

जाऊबाईंनी इस्त्री उचलली आणि त्या हातावर दाबली. कातडी जळल्याचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडला, लाथ घालून त्यांना टेबलावर फेकलं. त्या उठल्या. त्याने त्यांचा गळा धरला, तेव्हा त्यांनी इस्त्रीचं टोक त्याच्या नाकावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. मी तिरासारखी गेले, भिंतीतून टीव्हीची वायर उपटली आणि यांना म्हटलं, आता ऐका.

आणि आख्ख्या गल्लीने ऐकलं.

"माझ्या पोरीला हात लावलास!" जाऊबाई ओरडत होत्या, आणि मारत होत्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. शेजाऱ्यांनी धावत येऊन त्याच्या हातापायांना धरलं. इस्त्री मात्र मलाच सोडवायला लागली, कारण त्यांची बोटं उघडत नव्हती.

गोटीला तसंच गोधडीत गुंडाळून आम्ही इस्पितळात नेलं. कानामागे टाके पडले, आणि तिला मुलांच्या वॉर्डात ठेवलं. घरी परत जायचं नाही हे जाऊबाईंनी रिक्षातच सांगून टाकलं होतं. नर्स गोधड्या ओळखायची. ही आजची देणगी का, तिने विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, नाही, ही हिची आहे.

नर्सने पांघरूण सारखं केलं आणि तिला हत्तीच्या पायावरचा डाग दिसला, ताजा, तळहाताएवढा. ती म्हणाली, द्या, धुऊन आणते.

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "तो आमच्यातल्या कुणाचा नाही."