एकशे चौदाव्या किलोमीटरचे स्तेपानिच

मस्कतपासून लांब, वाळवंटातल्या दुक्मच्या आमच्या कॅम्पात नवा माणूस आला की स्तेपानिच त्याच्याशी हात मिळवायचे. पगार, आधीची कंपनी, कंत्राट किती महिन्यांचं, असलं काही विचारायचे नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असे, "तुझ्या गावात शिरताना पहिलं घर कोणाचं?"

मलाही विचारलं. माझं गाव लांज्याच्या पुढे. मी म्हटलं, "साळवींचं."

"त्या घरात कोण कोण राहतं? नावानिशी सांग."

तीन नावांपुढे माझी गाडी जाईना. त्यांनी मान हलवली. रागानं नव्हे, मास्तर नापास मुलाला म्हणतात ना, ‘ठीक आहे, उद्या ये,’ तशी.

त्यांचं नाव विक्तर स्तेपानोविच. वडिलांच्या नावानं हाक मारणं हा त्यांच्याकडचा, रशियन लोकांचा आपलेपणा, म्हणून आम्ही सगळे त्यांना स्तेपानिच म्हणायचो. साठी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. काम वेल्डिंग तपासण्याचं. मी ड्राफ्ट्समन, पाइपांची ड्रॉइंग्ज काढायचो. एका शुक्रवारी ते वहीतलं एक फाटकं पान घेऊन माझ्या खोलीवर आले. पानावर पेन्सिलीनं काढलेला रूळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोन. "सावंत, मला हे नीट काढून देशील? हे माझं गाव आहे."

गावाला नाव नव्हतं, आकडा होता. जंगलातून रेल्वे टाकली तेव्हा वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी लागे. तिथे ओढा होता. त्याच्या काठी पाण्याची टाकी उभी राहिली, पंपघर बांधलं गेलं, रुळांची देखभाल करणाऱ्यांसाठी लाकडी घरं झाली. रुळालगतच्या खांबावर ११४ लिहिलेलं होतं, म्हणून वस्तीचं नाव ‘एकशे चौदावा किलोमीटर’. पत्रंसुद्धा त्याच पत्त्यावर यायची. शाळा झाली, शनिवारी आंघोळीला जायचं सामाईक बाष्पघर झालं, लग्नं लागली. पुढे डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. पंप थांबला, मग शाळा बंद झाली, आणि माणसं एकेक करून त्याच गाडीत बसून निघून गेली.

स्तेपानिच या गावाचा इतिहास लिहीत होते. दर शुक्रवारी दुपारी ते झोया आंद्रेयेव्हनांना व्हिडिओ कॉल लावायचे. या त्यांच्या शाळेतल्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, अजून तिथेच राहणाऱ्या. बाहेर दुक्मचा वारा कंटेनरच्या पत्र्यावर वाळू फेकत असायचा आणि पडद्यावर बाई जाड शाल गुंडाळून सांगत असायच्या, सातव्या घरात कोण राहायचं, त्याची गाय कोणत्या रंगाची होती. स्तेपानिच लिहून घ्यायचे, मला समजावून सांगायचे आणि मी नकाशात नाव टाकायचो.

त्यांचा खरेपणा पहिल्यांदा कळला तो त्यांच्या आईच्या गोष्टीत. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा रुळांची गस्त बायकांकडे आली. त्यांची आई तेव्हा जेमतेम अठराची. एका पहाटे तिला बर्फात रूळ तडकलेला दिसला. जखमी सैनिकांची गाडी येणार होती. डोक्याचा लाल रुमाल सोडून ती गाडीच्या दिशेनं निघाली आणि गाडी थांबवली. मी उत्साहानं म्हणालो, "म्हणजे रुमाल फडकवत धावत सुटली!"

"नाही. चालत गेली."

"पण झोयाबाईसुद्धा, ती धावली, असंच म्हणाल्या."

"सगळं गाव तसंच सांगतं. आई म्हणायची, बर्फ कमरेएवढा होता, धावणार कशी? ती चालत गेली, दोनदा पडली, आणि पोचली. तेवढंच लिहायचं."

कामावरही ते असेच होते. एकदा एका मोठ्या जॉइंटची एक्स-रे फिल्म त्यांना पटेना. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मॅनेजर येऊन म्हणाला, "यल्ला, चला स्तेपानिच, सही करा, लाइन अडकली आहे." ते शांतपणे म्हणाले, "मी पुन्हा बघतो." परांचीवर चढले, अर्ध्या दिवसाचं काम थांबलं, शिव्या खाल्ल्या. जॉइंट कापला तर आत बारीक चीर निघाली. मॅनेजरनं माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "मला नको. ज्यानं वेल्डिंग केलं त्याला ओरडू नकोस, एवढं कर." वेल्डर बिहारचा होता. तो त्यानंतर त्यांचा डबा स्वतः मेसमधून आणून द्यायचा.

मग एका शुक्रवारी बाईंनी बातमी दिली. गावात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यामुळे लोकल गाडीचा तिथला थांबा हिवाळ्यापासून बंद होणार होता. आणि हिवाळ्यात तिथे रस्ता नसतो. गाडी थांबली नाही तर ना पाव, ना औषध, ना डॉक्टर.

त्याच आठवड्यात त्यांच्या कंत्राटाचं नूतनीकरण आलं होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं.

मी अक्षरशः भांडलो. "तुम्ही एकटे जाऊन काय होणार? इथून अर्ज पाठवा."

"सावंत, अर्जात लिहायचं की इथे माणसं राहतात. आणि मी लिहिणार दुक्ममधून?"

मी नकाशा पुरा करून त्यांच्या हाती दिला. मस्कतच्या बसजवळ त्यांनी मला मिठी मारली, त्या वेल्डरला मारली, आणि "खलास" म्हणून आत जाऊन बसले. मी डोळ्यांत वाळू गेल्याचं निमित्त केलं.

पुढचं फोनवरून कळत गेलं. वडिलांच्या घराचं छप्पर त्यांनी आधी दुरुस्त केलं. मग लिहिलेला इतिहास आणि नकाशा घेऊन जिल्ह्याच्या शहरात रेल्वेच्या कचेरीत गेले. पहिल्यांदा कोणी भेटलंच नाही. तिसऱ्या खेपेला एका अधिकारी बाईनं कागद घेतले आणि त्यांच्यासमोरच वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचत राहिली. शेवटी म्हणाली, "रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदा थांबेल." स्तेपानिचनी तिथल्या तिथे दोन वार लिहून घेतले.

फेब्रुवारीत झोयाबाईंना श्वास लागायला लागला. तो गाडीचा वार होता. स्तेपानिचनी त्यांना लाकडं ओढायच्या घसरगाडीवर बसवलं, बर्फातून ओढत फलाटापर्यंत नेलं आणि गाडीत घालून इस्पितळात पोचवलं. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं.

तीन आठवड्यांनी मी साइटवर असताना त्यांचा फोन आला. क्रेनच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून मी पाइपांच्या आडोशाला गेलो.

"आल्या परत! गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरल्या. आणि उतरताच मला रागावल्या, फलाटावरचा बर्फ नीट काढला नाही म्हणून."

मी हसलो. मग न राहवून विचारलं, "स्तेपानिच, आता किती जण आहात तिथे?"

"सहा," ते म्हणाले. एखाद्या मोठ्या शहराची लोकसंख्या सांगावी, अशा थाटात.