न खोडलेला एक शब्द

आमच्या ऑफिसात 'बेसिकली' म्हणणाऱ्या माणसाला चहा मिळत नसे. चहाचा थर्मास खोडरबर बाईंच्या टेबलावर असायचा आणि त्याचं झाकण त्या स्वतःच उघडायच्या. कोणी कप पुढे करून "बाई, बेसिकली काय झालंय ना..." असं सुरू केलं की झाकण परत घट्ट बसायचं. "बेसिकली झालं. आता काय झालंय ते सांगा," असं म्हणून त्या वाट बघत बसायच्या. समोरचा माणूस थोडा वेळ पंख्याकडे बघायचा. बऱ्याचदा आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही, हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळायचं.

ऑफिस म्हणजे दिंडोरी रोडवरचं द्राक्ष निर्यातीचं पॅकहाउस. खाली बायका घड निवडून खोक्यांत भरायच्या, वर आम्ही सहा जण कागद भरायचो. बाईंचं काम शेतकऱ्यांना मेसेज लिहिण्याचं. छाटणी कधी, औषध कधी मारायचं, कधी थांबायचं, गाडी कधी येणार, असे ते मेसेज. त्याआधी बाईंनी उभी हयात एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून काढली होती. "जन्मभर मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' टाइप केलं," त्या सांगायच्या, "आणि विषय काय ते साहेबालाही माहीत नसायचं." निवृत्तीनंतर इथे आल्यावर त्यांनी एक नियम घातला. कोणताही मेसेज आधी पेन्सिलीने कागदावर लिहायचा, बाईंना दाखवायचा, मगच मोबाइलवर टाइप करायचा. त्या कागदावर त्यांचं खोडरबर असं फिरायचं, की पाच ओळींची दीड ओळ उरायची. टेबलावर काळ्या वळ्या साचायच्या आणि दुपारी त्या फुंकर मारून समोरच्याच्या दिशेने उडवायच्या. नाव तिथून पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

मला घेतलं होतं परदेशी गिऱ्हाइकांच्या इंग्रजी ईमेलसाठी आणि उरलेल्या वेळात बाईंच्या हाताखाली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी होतं, पण ते 'भूक नाहीये' आणि 'येते गं' एवढ्यापुरतं. बाई माझ्या मराठीची सालं काढणार असं मी धरून चालले होते, म्हणून पहिला महिना मी जवळजवळ बोललेच नाही. एकदा त्यांनी किती खोकी गेली असं विचारलं. आकडा एकोणसत्तर होता आणि एकोणसत्तर म्हणजे नक्की किती, याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, "साधारण सत्तरच्या आसपास." बाईंनी चष्मा काढला. "येत नसेल तर सिक्स्टी नाइन म्हण की. मला चालेल. आसपास म्हणजे काय? खोकी इकडे तिकडे हिंडतायत का?" त्यांचं भांडण इंग्रजी शब्दांशी नाही, हे मला त्या दिवशी समजलं. आमचा सुरगाण्याचा ड्रायव्हर त्याच्या तिकडच्या बोलीत बोलायचा. त्यातलं अर्धं आम्हाला कळायचं नाही, पण बाई त्याला एका शब्दाने टोकायच्या नाहीत. त्याला पूर्ण कप मिळायचा.

टोकलं जायचं ते साहेबांना. साहेब म्हणजे पॅकहाउसचे मॅनेजर, भले गृहस्थ, पण दिवसातून चाळीस वेळा 'नक्कीच' म्हणणारे. "साहेब, खालच्या बायकांच्या बाथरूमची कडी कधी लागणार?" "नक्कीच, बाई." "कधी, असं विचारलं मी." "ते प्रोसेसमध्ये आहे." "कडी प्रोसेसमध्ये आहे?" साहेब हसून निघून जायचे. चौथ्या दिवशी बाईंनी स्वतः पंचवटीतून कडी आणि स्क्रू आणून ड्रायव्हरकडून बसवून घेतली आणि साहेबांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "प्रोसेस संपली."

आमच्या फाटकासमोर रस्ता खणला होता. खड्ड्याच्या कडेला पाटी होती, 'आपल्या सोयीसाठी काम चालू आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दोन महिने झाले तरी तिथे काम करताना कोणी दिसलं नव्हतं. एके दिवशी पाटीजवळ एक मुकादम उभा दिसला, तर बाई रिक्षातून उतरून थेट त्याच्यापाशी गेल्या.

"इथे दिलगीर कोण आहे?"

"काय म्हणता मावशी?"

"पाटीवर लिहिलंय. दिलगीर आहोत. मला त्यांना भेटायचंय."

"ते वरचे साहेब लोक असतील."

"मग त्यांना सांगा, काल संध्याकाळी एक बाई यात पडता पडता वाचली. जास्त सांगू नका, आधीच दिलगीर आहेत बिचारे."

मी रिक्षात मान खाली घालून बसले होते. त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे हा धोका असायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र ऑफिसातल्या कुठल्याच शब्दावर नव्हता. तो होता 'काही लागलं तर सांगा' यावर. यजमान गेले तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी हे वाक्य म्हटलं, काहींनी तर चप्पल घालता घालता. "म्हणजे मीच उठायचं, तुमच्या दारी यायचं, आणि सांगायचं की लागलंय. आणि तुम्ही त्या दिवशी नेमके गावाला." फक्त समोरची भाजीवाली काहीच बोलली नव्हती. ती तेरा दिवस रोज सकाळी निवडलेली भाजी दारात ठेवून जायची. हे सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "असो." दुखरा विषय आला की हा शब्द यायचा आणि पुढचं सगळं बंद व्हायचं. तो मात्र त्यांना कधी खटकला नाही. आणि तो त्यांना दाखवून देण्याची कोणाची हिंमत नव्हती, माझी तर नव्हतीच.

माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या वर्षी, हंगाम तोंडावर असताना. परदेशी माल पाठवायचा तर काढणीच्या आधी ठरावीक दिवस औषध, अगदी भुरीच्या पांढऱ्या बुरशीवरचंसुद्धा, बंद ठेवावं लागतं. मग प्रत्येक प्लॉटमधला नमुना तपासणीला जातो, आणि त्यात औषधाचा अंश सापडला तर तो माल जात नाही. बाई त्या दिवशी दाढ काढायला गेल्या होत्या. तोंडात कापूस असल्यामुळे फोन न करता त्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या मेसेजचा फोटो मला पाठवला. 'रविवारपासून भुरीचं औषध मारू नका. मारलं तर माल परदेशी जाणार नाही.'

मला ते वाचून कसंतरी झालं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांना मी 'मारू नका' असं कसं पाठवणार? आमच्या शाळेत 'प्लीज' म्हटल्याशिवाय खिडकीही उघडता येत नव्हती. मी बराच वेळ बसून तो मेसेज सुंदर केला. 'शेतकरी बंधूंनो, शक्यतो रविवारपासून भुरीच्या औषधाची फवारणी टाळावी, ही नम्र विनंती. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद.' आणि पाठवला. मराठीत मी स्वतःच्या मनाने लिहिलेली ही पहिलीच ओळ. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर भराभर अंगठे आले, एक गुलाबाचं फूलही आलं. दुसऱ्या दिवशी बाई सुजलेला गाल घेऊन आल्या, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कामाला लागल्या. त्यांनी ग्रुप बघितलाच नसावा, असं मी समजले.

तपासणीत भाऊसाहेबांचा प्लॉट नापास झाला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या जुन्या शेतकऱ्यांपैकी एक, दिंडोरीच्या पलीकडचे. त्यांच्या मालाबद्दल आजवर एक तक्रार आली नव्हती. ते रिपोर्ट हातात धरून जिना चढून आले.

"भाऊसाहेब, औषध मारलंत का?" साहेबांनी विचारलं.

"मारलं ना. बुधवारी."

"अहो, आपण मेसेज टाकला होता."

"टाकला होता ना. म्या वाचला चांगला दोनदा." त्यांनी मोबाइल काढून साहेबांसमोर धरला. "शक्यतो म्हनले तुम्ही. आता आभाळ आलं, घडावर भुरी दिसाया लागली. मला नव्हतं शक्य. नाय मारायचं असं म्हनले असते तर हात लावला नसता मी. पंधरा वर्षात लावला का कधी?"

मी माझ्या स्क्रीनवर इंग्रजी ईमेल उघडून ठेवला होता. त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

भाऊसाहेब गेल्यावर साहेबांनी बाईंना आणि मला आत बोलावलं. वरती अहवाल पाठवायचा होता. मजकूर साहेबांच्या डोक्यात तयार होता. 'सदर शेतकऱ्याने वेळोवेळी देण्यात आलेल्या सूचनांचे पालन केले नाही असे निदर्शनास आले आहे.' हे वाक्य वर गेलं, की भाऊसाहेबांचं नाव निर्यातीच्या यादीतून जाणार आणि एकदा गेलेलं नाव परत आलेलं आम्ही कोणी बघितलं नव्हतं. या वर्षीचा माल तर त्यांच्या हातून गेलाच होता, तो आता इथल्या बाजारात विकायचा. पुढच्या सगळ्या वर्षांचा निकाल त्या एका वाक्यात होता.

"कोणाच्या निदर्शनास आलं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... आपल्या."

"माझ्या नाही आलं. तुमच्या आलं का?"

"बाई, प्लीज. कोणावर तरी ते ढकलावं लागणारच ना. मग काय लिहू, आमचाच मेसेज चुकला?"

"हो. तेवढंच लिहा. नऊ-दहा शब्द वाचतील."

साहेब काही लिहीनात, तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोरचा कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने लिहिलं, 'शेतकऱ्याची चूक नाही. आमचा मेसेज चुकीचा गेला. तो मी त्याच दिवशी वाचला होता आणि दुरुस्त केला नाही.' खाली सही केली. माझं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच मिटलं असतं आणि मी गप्प राहण्यात पटाईत आहे. बाई पेन्सिल ठेवणार तेवढ्यात मी हात पुढे केला. अक्षर वाकडंतिकडं आलं. 'मेसेज मी लिहिला होता. बाईंनी दिलेला मजकूर मी बदलला.' साहेब म्हणाले, "तुला कोणी विचारलं?" हे खरंच होतं. कोणीच विचारलं नव्हतं.

भाऊसाहेबांचं नाव यादीत राहिलं. त्याच आठवड्यात मी स्कूटर काढून त्यांच्या मळ्यात गेले. बाई म्हणाल्या होत्या की 'क्षमस्व' लिहून पाठवशील तर बघ. मी उभ्या उभ्या सांगितलं की चूक माझी होती. ते वेलीचं पान उलटसुलट करत राहिले. "तुमच्या माफीनं माल जहाजात बसणार हाय का, ताई?" ते म्हणाले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. चहा दिला नाही.

हंगाम संपला आणि बाईंना साहेबांच्या सहीचं पत्र मिळालं. 'नवीन रचनेनुसार आपल्या सेवांची आवश्यकता भासणार नाही असे कळविण्यात येत आहे.' मला काही झालं नाही, कारण परदेशी ईमेल दुसऱ्या कोणाला लिहिता येत नव्हते. निरोप समारंभ मात्र झाला. शाल, नारळ, आणि साहेबांचं भाषण. बाईंच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही, असं ते म्हणाले. ती पोकळी त्यांनी स्वतःच, लेटरहेडवर केली होती. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, म्हणाल्या, "मला काढलंय. कारण मला माहीत आहे आणि साहेबांनाही. पेढे चांगले आहेत," आणि बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच कळेना.

फाटकापर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेले. रिक्षा येईपर्यंत आमच्याकडे थोडा वेळ होता. मी विचारलं, "बाई, तुम्ही तो 'शक्यतो' वाचला होतात. मग खोडला का नाही?"

त्यांनी शाल पिशवीत कोंबली. "सकाळी आले तेव्हा तुझा चेहरा बघितला गं. स्वतःचं काहीतरी लिहिल्यासारखा होता. म्हटलं, आज नको." रिक्षात बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं. "भाऊसाहेबांच्या द्राक्षांच्या जिवावर लाड केले तुझे मी. तू कोणाचे करू नकोस."

आता मेसेज मी लिहिते. आधी पेन्सिलीने. साहेबांना ते उद्धट वाटतात. प्रत्येक मेसेजच्या खाली मी माझं नाव आणि मोबाइल नंबर टाकायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "अगं, बेसिकली संस्थेच्या नावाने जायला हवं ना." मी नाव तसंच राहू दिलं. पहिल्याच मेसेजनंतर फोन वाजला, तो भाऊसाहेबांचा. गाडी वेळेवर आली नव्हती आणि ते दहा मिनिटं न थांबता सुनावत होते. मी ऐकून घेतलं. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाले, "हे बरं केलं, ताई. आता वरडायचं कोनावर, ते तरी कळतंय."