रेमेडिया सिस्टरचा अबोला

सत्त्याऐंशी साली हेंद्रेपाड्यात कुजबूज उठली, की दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नन, रेमेडिया सिस्टर, ठमीवर रुसल्या. ठमीने भगताकडून गंडा बांधून घेतला होता ना. एरवी सिस्टर बोलायला लागल्या की ऐकणाऱ्या बायकांची डाळ करपायची. आता ठमीने कॉन्व्हेंटच्या फाटकातून हाक मारली, तर मान हलवून, माळ ओढत निघून गेल्या. ठमी पहिलटकरीण, दिवस भरलेले. सिस्टर आल्याच नाहीत तर, या धास्तीने तिचं अन्न तुटलं.

कळा सुरू झाल्यावर मात्र सिस्टर धावत आल्या. गंडा बघून म्हणाल्या, "राहू दे तो. आता तोंड मीट आणि कळ दे, बडबडे."

"बोलल्यात की तुमी," ठमी रडतारडता हसली.

मुलगी झाली, दोघी सुखरूप.

सिस्टर रुसल्या नव्हत्या. कॉन्व्हेंटातल्या सगळ्या सिस्टर वर्षातून आठवडाभर मौन पाळून प्रार्थना करतात, तो आठवडा चालू होता. कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदरनी रेमेडिया सिस्टरना बाळंतपणापुरतं बोलायला मोकळं केलं होतं.