बाराला थांबणारी मोटार

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसणार नाही. ज्यांना भुताची गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. माझं भांडण भुताशी नाही. एका भल्या माणसाला मेल्यावर भूत ठरवणाऱ्यांशी आहे... आणि काही दिवस गप्प बसून मीही त्यांच्यातलाच झालो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सोलापूर ते टेंभुर्णी अशी उतारूंची सर्व्हिस मोटार मी चालवतो. मोटार माझी आणि माझा मेव्हणा सदाशिव याची, भागीत. आमचा मिस्त्री पास्कू. मूळचा गोव्याकडचा, रोमन ख्रिस्ती. गिरणीत फिटर म्हणून सोलापुरात आला आणि पुढं मोटारींच्या नादी लागला. वाटेत मोटार कुठं रुसून बसेल याचा नेम नाही, म्हणून तो रोज माझ्या शेजारी बसून यायचा.

संध्याकाळी त्याच्या दोघी मुली त्याला न्यायला शेडवर यायच्या. हात तेलानं माखलेले, म्हणून तो मुलींना हात लावायचा नाही. दोन्ही कोपरं पुढं करायचा. एकेक कोपर धरून पोरी त्याला मिरवत घरी न्यायच्या. जुन्या बेअरिंगची चाकं लावून त्यानं त्यांना एक लाकडी गाडी करून दिली होती. तिचा खडखडाट सगळ्या गल्लीला पाठ होता.

त्यांच्या धर्मात भर दुपारी बाराला एक प्रार्थना असते. एकानं म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. गावात असला की चर्चची घंटा ऐकू यायची, पण मोहोळच्या पुढं कुठली घंटा? पास्कू सूर्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "मालक, थांबवा. तिला पण दम घेऊ द्या, मला पण." इंजिन बंद. तो टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा. उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून त्यानं शेवटचा 'आमेन' मला शिकवला होता. मी इंजिनाला पुढून हँडल लावून तयार राहायचो. त्याचं म्हणून झालं की आमेन म्हणायचं आणि त्याच दमात हँडल फिरवायचं. "तुमच्या आमेनशिवाय ती सुरूच होणार नाही बघा," असं म्हणून तो हसायचा. मी मात्र तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणायचो... उतारूंनी ऐकला तर काय म्हणतील!

एके दिवशी मोटारीत लग्नाचं वऱ्हाड होतं. आधीच उशीर झालेला. बारा होत आले तसा पास्कूनं सूर्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पास्कू, आज राहू दे. मुहूर्त चुकेल." आमच्या मुहूर्तासाठी त्याची वेळ मोडावी, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. "बरं मालक," एवढंच तो म्हणाला. जागेवर बसूनच टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. टेंभुर्णी आल्यावरच ती पुन्हा डोक्यावर घातली.

त्याच संध्याकाळी बायकोचं शिवणयंत्र दुरुस्त करता करता तो बसल्या जागी कलंडला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. माझ्यामुळं गेला असं मी म्हणत नाही. पण त्याची शेवटची दुपार मी हिसकावून घेतली, हे मला कुणी खोडून दाखवावं!

मोटार पुन्हा रस्त्यावर आली आणि पहिल्याच दिवशी मोहोळच्या पुढं, भर बाराला, इंजिन आपोआप बंद पडलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. कधी एखादं गाव, कधी नुसतं माळरान, जागा वेगळी पण वेळ तीच. कितीही हँडल मारा, ढिम्म. मग काही वेळानं आपलं आपण सुरू. दुसऱ्या मिस्त्रीनं कार्ब्युरेटर उघडला, मॅग्नेटो तपासला, पेट्रोलची नळी धुतली. काही दोष नाही.

बातमी पसरायला किती वेळ? पास्कू मोटारीला झोंबलाय म्हणे! उतारू कमी झाले, तेही मी सोसलं असतं. पण गल्लीत त्या पोरींना 'भुताच्या पोरी' म्हणायला लागले. आया आपली मुलं त्यांच्यापासून ओढून नेऊ लागल्या. त्यांच्या लाकडी गाडीचा खडखडाट बंद झाला... आणि मी तोंड उघडलं नाही.

सदाशिवनं अक्कलकोटकडचा एक देवरशी ठरवला. मोटार जिथं थांबेल तिथं बाभळीला खिळा ठोकून पास्कूला बांधून टाकायचं, असा बेत.

त्या दिवशी सकाळी देवरशी लिंबं आणि खिळे घेऊन मोटारीत बसला, तोच पास्कूची बायको रोजाबाई दोन्ही मुलींना घेऊन स्टँडवर आली.

"कुणाला बांधणार रे बाबा?" तिनं देवरशीला विचारलं. "माझ्या माणसाला? मग माझ्यादेखत बांध. आम्ही पण येतो."

"दाजी, हिला चढू देऊ नका," सदाशिव माझ्या कानाशी लागला.

"ती बसेल," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला.

मागं एक धनगराची म्हातारी बसली होती. ती सरकली. "तू त्याची बायकू व्हय? ये की, हितं बस माज्यापाशी. पोरीस्नी बी घे."

आभाळ गच्च भरलेलं, गार वारं. ऊन औषधालाही नव्हतं. मोहोळ मागं पडलं आणि माळावर, भर बाराला, इंजिन बंद पडलं. देवरशी खिळा काढून खाली उतरला. सदाशिवनं हँडल धरलं, घामाघूम होईपर्यंत मारलं. काही नाही.

रोजाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ती म्हणू लागली, मुली उत्तर देऊ लागल्या. देवरशीसुद्धा खिळा हातात धरून उभा राहिला. शेवटाला आल्यावर त्या थांबल्या आणि धाकटीनं वळून माझ्याकडं बघितलं. ते उत्तर माझं होतं, हे तिच्या बापानं तिला घरी सांगितलेलं असणार.

"दाजी," सदाशिव दातओठ खात म्हणाला, "गावात तोंड दाखवायचंय आपल्याला. बाटलात म्हणतील!"

"बाटलो तर बाटलो. हँडल आण इकडं."

म्हातारी खिडकीतून ओरडली, "म्हन की रं बाबा काय ऱ्हायलं असंल ते! समदी खोळंबल्यात की!"

मी म्हणालो. सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं, छाती भरून म्हणालो, "आमेन!" आणि हँडल फिरवलं. एकाच फेऱ्यात इंजिन धडधडू लागलं.

देवरशी खिळा पिशवीत टाकून गुपचूप जागेवर येऊन बसला. म्हातारी त्याला म्हणाली, "लिंबं दे की पोरीस्नी, सरबत तरी हुईल."

सदाशिवचं म्हणणं, उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन अडतं. ऊन नव्हतं, असं मी म्हटलं की म्हणतो, मग गारठ्यानं झालं असेल. असेल बुवा. मला खुलासा देता येत नाही, आणि मी कुणाकडं मागायलाही जात नाही. त्या दिवसानंतर मोटार आपण होऊन एकदाही बंद पडली नाही, एवढं खरं.

आता मीच बंद करतो. बारा झाले की जिथं असेन तिथं. ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरी मोटार बघावी, लग्नाच्या वऱ्हाडानं सुद्धा. मला ती प्रार्थना येत नाही. मी टोपी काढून, ती म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ उभा राहतो आणि शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणतो. संध्याकाळी शेडवर परतलो की गल्लीतून बेअरिंगच्या चाकांचा खडखडाट ऐकू येतो. दोघी येतात, माझे हात तेलकट आहेत का ते आधी बघतात... आणि मी कोपरं पुढं करतो.