गोधडीतला मासा

पासली गावात धोंडाबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. ऐन तिशीत नवरा गेला, दिरांनी गोड बोलून वरचं खाचर घशात घातलं. राहिलेली भातशेती तिनं एकटीनं रेटली आणि पुन्हा गोडबोल्या माणसाला दारात उभं केलं नाही. जावई मात्र नेमका तसलाच मिळाला.

अमृत पुण्यात नोकरीला. त्याला मासे धरायचा नाद, पण खायचा नाही. आजवर न धरलेल्या जातीचा मासा गळाला लावायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. त्यासाठी तो पार केरळपर्यंत हिंडून आला होता. मोबाईलवर असल्या लोकांचा कंपूच होता. कुणाच्या जाती जास्त, यावर त्यांचा मानपान ठरायचा.

"ताट वाढायचं अन् तसंच उचलून न्यायचं," धोंडाबाई लेकीला, वैष्णवीला म्हणायची. "खुळा हाय तुजा नवरा."

दसऱ्याआधी अमृत वैष्णवीला घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर निघाला. धोंडाबाईला गोधड्या धुवायच्याच होत्या, तीही गेली. जावयाच्या डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काडीएवढी काठी. दुपार कलली तरी लागले ते सगळे आधी धरलेल्या जातींचे. तो प्रत्येकाकडं बघून तोंड वाकडं करी आणि पाण्यात भिरकावून देई.

इतक्यात पिळायला उचललेल्या गोधडीच्या घडीतून बोटभर मासा खडकावर पडला. अमृत धावत आला.

"मामी, हाच तो. हाच हवा होता."

"मग काडा की फोटू."

"असा नाही चालत. गळालाच लागावा लागतो."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. सासूखेरीज कुणी नव्हतं आणि सासू त्याच्या हिशेबात नव्हती. त्यानं माशाचं तोंड नखानं उघडलं, गळ आत खुपसला आणि दोरीला लोंबता मासा धरून हसत फोटो काढला.

"ह्याला धरला म्हंत्यात व्हय, जावईबापू?"

"तुम्हाला त्यातलं नाही कळायचं, मामी."

सोडलेला मासा उताणा होऊन वाहत गेला. धोंडाबाई बघत राहिली. आजवर ती त्याला खुळा समजत होती, आणि खुळ्याची निदान कीव येते.

रात्री जेवताना अमृतनं दोरीला कसा हिसका बसला, मासा दगडाआड कसा दडला, सगळं रंगवून सांगितलं. वैष्णवीचा चेहरा फुलला होता.

"आई, तू हुतीस ना तितं?"

"हुते," धोंडाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. शब्दाला शब्द देऊन अख्ख्या भावकीशी भांडलेली बाई लेकीसाठी त्याचं खोटं गिळून बसली. त्याचाच तिला जास्त संताप आला.

सकाळी गाडीत बसताना अमृत म्हणाला, "मामी, पुढच्या खेपेला वरचा डोह बघू."

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीच्या पिशवीत तांदूळ ओतत ती म्हणाली, "दिवाळीला तू एकटीच ये. यष्टीनं ये."