बुटकं दार

धरण नवीनच झालं होतं तेव्हाची गोष्ट. चिंचवडच्या कारखान्यातले आम्ही काही मित्र उन्हाळ्यात त्या जलाशयाकाठी मुक्कामाला गेलो होतो. पाणी खूप आत गेलं होतं. झाडी संपते तिथं उघड्या पडलेल्या सपाट जागेवर आम्ही ताडपत्रीचा तंबू ठोकला.

सकाळी एक म्हातारा दुधाची किटली घेऊन आला. तंबूच्या थोडं अलीकडे थांबला. वहाणा काढल्या, मान चांगली खाली घातली, पाय उंच उचलून पुढे टाकला आणि मग ताठ होऊन आमच्याकडे आला.

आमच्यातला एक हसला. "आजोबा, मोकळ्या रानात वाकताय कशाला?"

"दार बुटकं हाय," तो म्हणाला. "कपाळ आपटतंय."

मग मला गाळात रुतलेला दगडी उंबरा दिसला, त्याच्या दोन्ही अंगांना जोत्याचे दगड. आम्ही कालपासून भिंतींतून ये-जा करत होतो.

"ते बूट तेवढे उचला राव. तितं देव हायेत."

आम्ही खजील होऊन तंबू उतरवायला लागलो, तर त्याने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. घरात माणसं दिसली, बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही सगळे वाकून, उंबरा ओलांडून बाहेर पडलो. मी सवयीने म्हणालो, "येतो, आजोबा."

"या की. पर पावसाच्या आत या," तो म्हणाला. "मंग दार बंद असतंय."